भावाशेजारची खुर्ची

सोमवार, ४ मार्च

त्या पोरीचं नाव या वहीत येऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच आज लिहायला बसले आहे. आमच्याच गावची आहे. नारळाच्या दुधाचे डबे भरायच्या कारखान्यात काम करते, आणि तिने माझ्या भावाविरुद्ध राजधानीत, आपियाच्या कामगार कार्यालयात तक्रार केली आहे. तक्रार काय, तर वाईट वागणूक. फालानिको तिथे शिफ्टचा मुकादम आहे. मुकादमाने कामचुकार पोरींना ओवाळावं की काय?

बातमी मला सरळ कोणी दिली नाही. सकाळी महिला समितीच्या पाहणीला निघाले होते. मच्छरदाण्या, पाण्याची पिंपं, संडास, सगळं मी स्वतः बघते; दुसऱ्या कोणावर सोपवलं की सगळ्यांचीच घरं स्वच्छ निघतात. तर जाईन त्या घरी बायका बोलता बोलता थांबत होत्या. मी अध्यक्ष आहे, मला बघून बायका गप्प होतात याची मला सवय आहे. पण एरवी त्या घाबरून गप्प होतात. आज कीव केल्यासारख्या गप्प होत होत्या, आणि ते मला अजिबात खपत नाही. शेवटी दुकानवाली माझ्याकडे पाठ करून साखर तोलता तोलता म्हणाली, "तुमच्या भावाचं काहीतरी कानावर आलं. कायद्याचं आहे म्हणे."

"काय आलं कानावर?"

"मी कशी सांगू? तुम्ही सख्खी बहीण."

आणि साखर चांगली मूठभर जास्त घातली. तिचा हात असा कधी सैल सुटत नाही.

संध्याकाळी फालानिको स्वतः आला. नाताळानंतर पहिल्यांदाच. माशांच्या डब्यांचा अख्खा खोका आणि डुकराची मांडी घेऊन आला आणि खाली चटईवर मांडी घालून बसला, भावाने बहिणीसमोर बसावं तसा. त्याच्या नव्या घराच्या घरभरणीला मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं होतं आणि निघताना हातावर दोन डबे ठेवले होते. बायकोच्या माहेरच्यांना अख्खं डुक्कर गेलं. पण ते असो.

सेला, माझी मुलगी, टीव्हीवर तिची ती रडकी मालिका बघत होती. फालानिको टेकतो न टेकतो तोच मालिकेतला बाप्या त्या बाईजवळ सरकायला लागला. सेलाने झडप घालून टीव्ही बंद केला. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. भाऊ आणि बहीण एका छपराखाली असताना तसलं काही दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये, हे आमच्या सामोआत पोरांना उपजतच कळतं. मागे आम्ही दोघं बसलेलो असताना एका म्हाताऱ्याच्या तोंडून आचरट विनोद निसटला, तर गावसभेने त्याला एक डुक्कर दंड केला. मरेपर्यंत तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

फालानिको म्हणाला, "अक्का, गुरुवारी सुनावणी आहे. दोन्ही बाजूंनी सोबतीला एकेक माणूस आणायचाय. तू चल."

"बायकोला ने की. घरभरणीला तिचंच सगळं गोत पुढे होतं."

"ती बायको आहे. तू माझी बहीण आहेस."

हे वाक्य ऐकायला मला किती वर्षं लागली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पंख्याआड लपवलं. मग त्याला शहाणपणाचं सांगितलं, की अरे, तू काही केलं नसशील तरी एक बारीक विणीची चटई घेऊन पहाटे त्यांच्या दारात जाऊ, डोक्यावर चटई ओढून बसू. ते येऊन चटई उचलतील आणि विषय मिटेल. आपल्यात मोठमोठ्या भानगडी अशाच मिटतात.

तो हसला. "वाकायचं कशाला? तू नुसती येऊन बस. बोलूसुद्धा नकोस."

बहिणीच्या नुसत्या असण्याला एवढा मान देणारा भाऊ असली कामं करेल? त्या पोरीला लाज कशी नाही वाटत.

गुरुवार, ७ मार्च

तोंडावर आपटली पोरगी.

फालानिकोने मला गाडीत पुढे बसवलं. बायको मागे. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मी आरशातून मनसोक्त बघितला. मी चर्चला जायचा पायघोळ पोशाख, पांढरी पुलेतासी घातली होती, वर पांढरी टोपी, हातात पंखा. कार्यालय कारखान्याच्या समोरच, रस्ता ओलांडला की. आत एक लांब टेबल. फालानिको बसला, त्याच्या शेजारची खुर्ची माझी. समोर ती पोरगी आणि तिची मावशी तोफी. मागे बाकावर कारखान्यातल्या तीन बायका, डोक्यावरच्या कामाच्या जाळीच्या टोप्यासुद्धा न काढता आलेल्या. साक्षीला म्हणे.

सुनावणी घेणारी बाई, नाओमी तिचं नाव, ऑकलंडला वाढलेली. आपली भाषा बोलते ती पुस्तकातून वाचल्यासारखी. केस कापलेले, हातभर मोठं घड्याळ. आधी तिने कायदा वाचून दाखवला. कामाच्या जागी बाईला नकोसं होईल असं कोणी वागत असेल, मग ते हाताने असो, तोंडाने असो, नाहीतर शिफ्टची लालूच दाखवून असो, तर तो तिच्या हक्कावर घाला आहे आणि मालकाने तो थांबवलाच पाहिजे. इथपर्यंत ठीक. पण पुढे ती कशाकशाला वाईट वागणूक म्हणायचं ते एकेक नावानिशी वाचायला लागली. शरीराच्या भागांची नावं घेऊन. मी आणि माझा भाऊ शेजारी शेजारी बसलेले असताना. मी इथे लिहीत नाही. मागच्या बाकावरच्या बायकांनी माना अशा खाली घातल्या की जमिनीत शिरतील. तोफीने हातरुमाल तोंडावर धरला. त्या बाईला पत्ताच नाही. ती आपली किराणा वाचल्यासारखी वाचत राहिली. परदेशात वाढवलं की पोरींचं असं होतं.

मग ती त्या पोरीला म्हणाली, "आता तू तुझ्या शब्दांत सांग. काय झालं, कधी झालं, सगळं. ज्याच्यावर आरोप आहे त्याने ते ऐकायला हवं, असा नियम आहे."

पोरीने तोंड उघडलं. फालानिकोकडे नाही पाहिलं तिने, माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

"घाबरू नकोस. सांग."

पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मान खाली.

बाकावरच्या तिघींना विचारलं. तिघींनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि तिघींच्या तोंडाला कुलूप. त्यातली एक, थोराड, जिच्या घरातली पिंपं कधी झाकलेली नसतात, ती तर रडायलाच लागली. मी पंखा हलवत सरळ बसून होते. खरं माणूस समोर बसलं की खोट्याची अशी दातखीळ बसते. पांढरी टोपी घातली ते बरं झालं.

नाओमीबाईला काही कळेना. कागद उलटसुलट केले, घड्याळ बघितलं, आणि म्हणाली की पुढच्या गुरुवारी शेवटची संधी. त्या दिवशीही कोणी बोललं नाही, तर तक्रार बंद.

येताना फालानिकोने वाटेत मला आइस्क्रीम घेऊन दिलं. लहानपणी मी त्याला द्यायचे.

रविवार, १० मार्च

चर्च सुटल्यावर फालानिकोकडे जेवायला. आजवर त्याच्या घरी रविवारचं बोलावणं मला दोनदा आलं असेल, दोन्ही वेळा कोणीतरी मेलं होतं. आज मला सगळ्यांच्या वर बसवलं, पहिलं ताट माझं. अळूच्या पानांची पालूसामी बेताची होती, भावजयीने नारळाच्या दुधात हात आखडता घेतला होता. कारखान्यात काम करणाऱ्याच्या घरी नारळाचं दूध कमी पडावं, याला काय म्हणायचं. सेला आली नाही. डोकं दुखतं म्हणे. या पोरीचं डोकं नेमकं मामाकडे जायच्या दिवशीच दुखतं.

कारखान्याचे मॅनेजरसाहेबही जेवायला होते. जेवण झाल्यावर सगळे रग्बीची मॅच बघत बसले. मध्येच साबणाची जाहिरात लागली, त्यात एक बाई आंघोळ करत होती. फालानिकोचा मधला मुलगा पळत गेला आणि त्याने टीव्ही बंद केला. मॅनेजरसाहेब हसले. फालानिको म्हणाला, "बघितलंत साहेब? अक्का असली की घरातला टीव्हीसुद्धा गप्प बसतो."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. एवढ्या लोकांत माझ्या मानाचं कौतुक त्याने केलं. भावजयीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असणार.

मंगळवार, १२ मार्च

आज तोफीने कमालच केली.

दुपारी दारात उभी. टोपलीत अळकुड्या आणि वर दोन भाजलेले नीरफणस. मी आत ये म्हटलं नाही, तरी ती पायरीवर बसली. आधी पावसाचं, मग पाळकबाईच्या गुडघ्याचं. मी वाट बघत होते. मग म्हणाली, "अध्यक्षबाई, एक मागायला आलेय. परवा तुम्ही येऊ नका."

"का? मला घाबरता?"

"हो."

"मग खरं बोलायला सांग तुझ्या भाचीला. खऱ्याला कसली भीती?"

"बोलली असती. सगळं पाठ होतं तिचं. पण तुम्ही त्याच्या शेजारी बसलेल्या असताना ते शब्द तोंडातून काढायचे? आमच्याही घरात पोरींना रीत शिकवलीय."

"मग त्या ऑकलंडच्या बाईला जाऊन सांगायचं होतं."

"सांगितलं. ती म्हणाली, सोबतीला कोणाला आणायचं तो त्याचा हक्क आहे, कायद्यात लिहिलंय." तोफी उठली. "कायद्याने त्याला सोबत दिली आणि रितीने आमच्या पोरींची तोंडं बांधली. दोन्हीकडून तोच सुटतोय, अध्यक्षबाई. आणि मध्ये बसवलंय तुम्हाला."

"माझ्या दारात येऊन माझ्या भावाला असं बोलतेस?"

"मी काय बोलले? मी एक शब्दसुद्धा बोलले नाही. तेच तर दुखणं आहे."

ती निघून गेली, टोपली ठेवून. अळकुड्या मी डुकरांना घातल्या. नीरफणस चांगले होते, ते ठेवले.

मध्ये बसवलंय म्हणे. मला कोणी बसवत नाही. मी बसते.

बुधवार, १३ मार्च

सकाळी पाहणी. तोफीच्या घरी मच्छरदाणीला बोटभर भोक. शेरा मारला, पाच ताला दंड. तोफीने सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. ती पोरगी मागे कपडे वाळत घालत होती. मला बघून तिने हातातली चादर तशीच धरून ठेवली, मी जाईपर्यंत.

जेवताना सेलाला सांगितलं की तोफी काय काय बोलून गेली. वाटलं, पोटची पोरगी तरी आईची बाजू घेईल. ती हाडूक चोखत म्हणाली, "आई, मामाने घरभरणीला तुला कुठे बसवलं होतं?"

"ते कशाला आता?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी. आणि त्याच्या थोरल्याच्या लग्नात? मांडवाबाहेर. आता गाडीत पुढे."

"भाऊ अडचणीत आला की त्याला बहीण आठवते. त्यात वाईट काय?"

"त्या हॉटेलच्या वेळी पण आठवली होती."

हॉटेलात तो आधी नोकरीला होता. तिथल्या एका मोलकरणीने गावसभेत काहीतरी गाऱ्हाणं आणलं होतं, तेव्हाही तो मला घेऊन गेला होता. तेव्हाही मी त्याच्या शेजारी बसले होते, आणि ती बाई काही न बोलता उठून गेली होती. मी म्हटलं, "मग? तेव्हा तरी काय सिद्ध झालं?"

सेला ताट उचलून धुवायला गेली. या मुलीशी बोलण्यात अर्थ नाही. दोन घास कमीच गेले आज. मासा खारट झाला होता.

गुरुवार, १४ मार्च

जे झालं ते झालं तसं लिहिते.

गाडीत पुढे. पांढरी पुलेतासी, टोपी, पंखा. भावजय आज आली नाही. कार्यालयाशी पोचल्यावर मी मागच्या नळावर हात धुवायला गेले. भिंतीच्या पलीकडे फालानिको आणि मॅनेजरसाहेब गाडीला टेकून उभे होते. साहेब म्हणत होते, "आज मिटायला हवं. मालकांचे फोन येतायत."

"मिटलंच समजा, साहेब. अक्काला आणलंय. आजही टीव्ही बंद."

दोघं हसले. साहेब तर खोकला येईपर्यंत हसले.

मी नळ बंद केला. आत गेले आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले. लगेच काही केलं असं लिहिलं तर खोटं होईल. हात ओले होते, ते मांडीवर पुसले, त्यामुळे पुलेतासीवर डाग पडला आणि मी तो डाग बघत बसले.

नाओमीबाई म्हणाली, आज शेवटचं. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मागे बाकावर आज एकच बाई होती, ती पिंपवाली. बाकीच्या दोघींनी आशा सोडली असावी. तिनेही माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की गेल्या गुरुवारी या बायका मला घाबरल्याच नव्हत्या. त्या माझी लाज राखत होत्या. पोटात एवढं घेऊन आलेल्या बायकांनी ते गिळलं, कशासाठी, तर मला माझ्या भावादेखत ऐकावं लागू नये म्हणून. आणि ज्याने माझी लाज राखायची, तो भिंतीआड हसत होता. मी शेजारी असले की त्याला हवं ते बंद होतं. एवढाच माझा मान.

फालानिकोने चर्चमध्ये बसावं तसे हात जोडून मांडीवर ठेवले होते.

मी उठले. त्याने माझी बाही धरली. "अक्का, बस."

"काय म्हणालास?"

"बस म्हटलं. संपतच आलंय."

आमच्यात भाऊ बहिणीला हुकूम सोडत नाही, चारचौघांत तर नाहीच. तोफीने श्वास घेतला तो मला ऐकू आला. मी बाही सोडवून घेतली. "टीव्ही बंद करायला घरात दुसरं माणूस ठेव, फालानिको." त्याचा चेहरा उतरला. हात जोडलेलेच राहिले.

मग त्या पोरीला म्हटलं, "एपेनेसा, मी चालले. रस्त्यापलीकडे बांधावर बसते, इथलं तिथे ऐकू येत नाही. या बाईंना सांगायचं ते सांग. आणि आधी केस बांध, बोलताना तोंडात जातायत."

नाओमीबाईने घाईघाईने कागद चाळले आणि म्हणाली, सोबतीचा माणूस उठून गेला तर कायद्याची काही हरकत नाही. मी म्हटलं, हरकत असती तरी मी गेलेच असते.

बांधावर ऊन होतं. समुद्राकडे तोंड करून बसायचं ठरवलं होतं, पण कार्यालयाकडेच करून बसले. खिडक्यांच्या काचेच्या पट्ट्या उघड्या होत्या. एपेनेसाचा खांदा दिसत होता, आणि हात. हात हलत होते. पुष्कळ वेळ हलत होते. कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला तशी आज न आलेल्या त्या दोघींपैकी एक बाई दारात डोकावली, आत बघितलं, आणि पळत परत गेली. मला वाटलं घाबरली. ती आणखी बायकांना घेऊन आली. टोप्या, रबरी बूट, एप्रन, तशाच. माझ्यासमोरून रस्ता ओलांडून गेल्या. काही माझ्याच समितीतल्या, माझ्या दंडाच्या पावत्या फाडणाऱ्या. त्यांच्यातल्या एकीने जाता जाता माझ्या मांडीवर सोललेलं संत्रं ठेवलं.

एवढ्या बायका. मी गावातल्या प्रत्येक घरातली मच्छरदाणी बघते.

फालानिको शेवटी बाहेर आला. मॅनेजरसाहेब केव्हाच गाडी घेऊन गेले होते. त्याने आपल्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि उभा राहिला. "चल, अक्का."

बहिणीच्या तोंडचा शाप भावाच्या मुलांना लागतो, म्हणून तर आमच्याकडे भाऊ बहिणीला भितात. माझ्या जिभेवर आला होता. त्याची धाकटी अजून रांगते. मी गिळला आणि बसने घरी आले. बस गच्च होती, उभ्यानेच यावं लागलं.

शनिवार, १६ मार्च

भावजय रस्त्यात उभी राहून ओरडून गेली. मी तिचं घर बुडवलं म्हणे. निकाल लागेपर्यंत फालानिकोला कामावरून घरी बसवलं आहे, आणि प्रकरण वरच्या न्यायमंडळाकडे जाणार आहे. मॅनेजरसाहेबांनाही नोटीस गेली, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं म्हणून. कायद्यात मालकाकडची माणसंही सुटत नाहीत असं दिसतं. हे एक बरं आहे.

पाळकबाई गुडघा चोळत येऊन म्हणाली, "सिनेवा, रक्ताचं नातं आहे, तू नुसतं बसून राहायला हवं होतंस."

मी म्हटलं, "तुमच्या संडासाचं दार अजून लागत नाही. बुधवारी येते." तेव्हा गेली.

दुपारी तोफीकडे गेले. एपेनेसा आभार मानायला पुढे आली, तिला म्हटलं राहू दे, मला तू आवडतेस असा समज करून घेऊ नकोस. मोठ्याने हसते, वाकडीतिकडी चालते आणि चर्चमध्ये झोपते. यातलं काही बदललेलं नाही. दंडही मागे घेतला नाही. भोक होतंच. पण मच्छरदाणी मी तिथे बसून शिवून दिली, कारण तोफीचं शिवण मला बघवत नाही.

रविवार, २४ मार्च

आज चर्चमध्ये फालानिको मागच्या बाकावर होता. मी पुढे. त्याची धाकटी रांगत माझ्यापर्यंत आली, तिला भावजयीने येऊन उचलून नेलं.

संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर सेला टीव्ही बघत होती, मी पंखा विणत होते. मालिकेतला तो बाप्या पुन्हा त्या बाईजवळ सरकायला लागला. सेलाचा हात सवयीने पुढे गेला, मग थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. घरात भाऊ नव्हता. आता तो या घरात येईल असं मला वाटत नाही.

तेव्हा ध्यानात आलं की भाऊ घरात नसतो असे दिवसच जास्त असतात. दुकानवालीला, तोफीला, या माझ्या मुलीला, कोणालाही मी दामटून विचारू शकले असते. मी नळाशी ऐकलं ते हसणं ऐकलं, आणि बांधावरून हलणारे हात बघितले. त्याने काय केलं ते मला अजून माहीत नव्हतं. गावातल्या पोरासोरांना माहीत होतं.

मी उठले आणि टीव्ही बंद केला.

"अगं, मी बघतेय ना," सेला म्हणाली.

"मामाने काय केलं? सगळं सांग. शब्द गाळू नकोस."

सेलाने पाय जवळ घेतले. आधी हळू बोलत होती, माझ्याकडे न बघता. मी थांबवत नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघून बोलायला लागली. एपेनेसाचं सांगितलं, पिंपवालीचं सांगितलं, हॉटेलातल्या त्या मोलकरणीचं सांगितलं. मी विणणं खाली ठेवून ऐकत राहिले. ते इथे लिहीत नाही. ते त्यांनी कायद्याच्या कागदावर स्वतःच्या नावाने लिहून दिलं आहे, ते तिथेच राहू दे.